थॅन्कफुलच्या भट्टीतली शिळा

मी थॅन्कफुल ट्विचेलची शिळा बोलतेय. बसा जरा. उभ्याउभ्या ऐकाल तर अर्धंच कानात शिरेल, आणि अर्धवट ऐकण्याने काय घोळ होतो ते माझ्याइतकं कुणी भोगलेलं नाही. माझा जन्मच एका माणसाच्या अर्धवट कानातून झालाय.

मी जातीची पाटी. मुलं जिच्यावर अक्षरं गिरवायची त्या पाटीची मी थोरली बहीण, फक्त अंगाने दणकट. मॅसॅच्युसेट्समधल्या वेदरली गावामागे एक ओढा आहे, त्यात मी पालथी पडून होते. वर इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं म्हणे. ओढ्यात त्याचा काही त्रास नव्हता.

तिथून मला उचललं ओबडायाने. हा गावाच्या थडग्यांच्या शिळा घडवायचा. हात सोन्याचे, कान लाकडाचे. जन्मभर छिन्नीवर हातोडा मारून त्याचे कान गेले होते, पण ते त्याला कुणी सांगितलं तर ऐकू येत नसे. प्रत्येक शिळेच्या माथ्यावर तो पंख लावलेला एक चेहरा कोरायचा, आत्मा स्वर्गात उडाला म्हणून. आत्मा कुणाचाही असो, चेहरा मात्र ओबडायाच्या सासूचा यायचा. लांब नाक, दुमडलेले ओठ, जणू स्वर्गातही कुणीतरी चिखलाच्या पायांनी आत आलंय. माझ्याही माथ्यावर तीच बसली. आता अडीचशे वर्षं झाली, आमचं बरं जमतं.

सतराशे अडुसष्टच्या वसंतात एक बाई घोड्यावरून उतरली आणि एका दमात म्हणाली, "माझी आई गेली. सबमिट नाव, एलिफॅलेटची बायको. मी थॅन्कफुल, त्यांची मुलगी, जेडिडाया ट्विचेलची बायको. चांगली शिळा घडवा." आणि गेलीसुद्धा, घरी दूध तापत होतं.

आमच्या गावात मुलींना गुणांची नावं ठेवायची रीत होती, आणि मुली त्या गुणांशी फटकून वागायच्या. सबमिट म्हणजे नमतं घे. तिने जन्मात कुणापुढे नमतं घेतलं नाही. थॅन्कफुल म्हणजे आभारी. ती कुणाची आभारी होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ओबडायाने आठवून आठवून कोरलं. बाई शिळा न्यायला आली तेव्हा मी भिंतीला टेकून ऐटीत उभी होते. तिने वाचलं: येथे विसावली थॅन्कफुल, एलिफॅलेट आणि सबमिट यांची मुलगी, जेडिडाया ट्विचेलची बायको, सतराशे अडुसष्ट.

बाईने आधी स्वतःचा हात चाचपला. मग दगडाच्या कपच्यांच्या ढिगावर बसली आणि अशी हसली की टोपीची नाडी सुटली.

"अहो ओबडाया, मी कशाने मेले, तेवढं तरी सांगा."

"काय?"

"म्हटलं, मी मेलेय?"

"वाईट झालं, बाई," ओबडाया टोपी काढून म्हणाला. "चांगली होती हो."

दुसरी कुणी असती तर रडली असती, भांडली असती, अपशकुन म्हणून मला ओढ्यात लोटून दिलं असतं. ही उठली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या पायाशी बोट दाखवून एवढ्या मोठ्याने ओरडली की अंगणातल्या कोंबड्या कुंपणावर जाऊन बसल्या. जन्मात पहिल्यांदा ओबडायाला गिऱ्हाइकाचं नीट ऐकू आलं. त्याने निमूट बसून माझ्या तळाशी दोन शब्द कोरले:

अजून नाही.

"आता ठीक आहे," बाई म्हणाली. "आईची दुसरी करा. ही मी नेते. माझ्या भट्टीचा तळ फुटलाय."

अशी मी कबरीवर जायची ती स्वयंपाकघरात गेले.

चुलीशेजारच्या भिंतीत विटांची घुमटी भट्टी होती, तिच्यात मला उताणी निजवलं. माझी लांबी भट्टीपेक्षा जास्त, म्हणून पायाकडची बाजू मागच्या भिंतीच्या विटांखाली सरकवली. ते दोन शब्द तिथेच गाडले गेले. बाकी मी उघडी. रोज माझ्यावर लाकडं पेटायची, निखारे झाडून काढायचे, आणि राय नावाच्या धान्याच्या नि मक्याच्या पिठाचे गोळे माझ्या छातीवर झोपायचे. पाव बाहेर आला की त्याच्या बुडाला मी उमटलेली असायचे, आरशातल्यासारखी उलटी. पंखवाली सासू, आणि खाली येथे विसावली, तेही उलटं.

त्या घरात जेवताना काय दंगा असायचा म्हणून सांगू. पोरं चेहऱ्याच्या तुकड्यासाठी मारामारी करत. जेडिडाया मिशी पुसत म्हणे, "आज मी बायकोचा डावा पंख खाल्ला." एकदा पाद्री जेवायला आला. त्याच्या वाट्याला नेमका विसावलीचा तुकडा गेला. त्याने ताटलीवरच्या आरशासारख्या चकचकीत सुरीत अक्षरं वाचली, घास खाली ठेवला, प्रार्थना नव्याने म्हटली आणि मग दोन तुकडे जास्त खाल्ले.

थॅन्कफुल म्हातारी होऊन गेली. मुलं भट्टीपुढे उभी राहिली. एक म्हणाला, आईची शिळा तयारच आहे, काढू या. दुसरा म्हणाला, भट्टी फोडायची, आणि उद्या पाव कुठे भाजायचा? तिसऱ्याने विचारलं, आईला काय आवडलं असतं? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, भट्टी राहिली. टेकडीवरच्या दफनभूमीत तिच्या डोक्याशी लाकडाची फळी लागली, ती काही वर्षांत कुजली. आणि मी, जिचं सगळं आयुष्य त्या एका कामासाठी, ती पिठात लोळत राहिले. वाईट वाटलं का? वाटलं. पण पाव चांगला फुलायचा.

पुढे लोखंडी चूल आली. भट्टीला लाकडी दार लागलं. घर विकलं गेलं, पॉम्फ्रे नावाच्या लोकांनी घेतलं, आणि मी लोणच्याचं कपाट झाले. शंभरावर वर्षं माझ्या छातीवर बरण्या. सासूच्या नाकावर मोहरीचा खार गळायचा. तिचे ओठ मुळातच दुमडलेले, म्हणून चालून गेलं.

आता खरी गोष्ट. गेल्या शरदातली.

घरात आता डोरीन पॉम्फ्रे राहते. सत्तरीपार, बिनलग्नाची, ताठ. दफनभूमी समितीची चिटणीस तीच, जुन्या नोंदींची वही तिच्याच टेबलावर. टेकडीवरच्या त्या जुन्या भूमीत नियम एकच: गाव वसवणाऱ्या पहिल्या घरांचं रक्त पाहिजे, नाहीतर त्या रक्ताशी लग्न तरी. पॉम्फ्रे त्यातले. डोरीनचा भाऊ एल्वुड आदल्या हिवाळ्यात गेला, तो तिथेच आहे. त्याच्याशेजारी एकच जागा उरली होती, आणि तिच्यावर दोन बायकांचा डोळा होता. एक डोरीन. दुसरी आर्लीन ट्विचेल.

आर्लीन ही एल्वुडची बायको. म्हणजे होती. लग्नानंतर सहाव्या वर्षी बर्फ कुणी उपसायचं यावरून दोघांनी घटस्फोट घेतला. मग आर्लीनला दुसरं घर मिळेना, म्हणून ती महिनाभर एल्वुडच्याच घरात राहिली, आणि तो महिना एल्वुड मरेपर्यंत चालला. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की कापताना एल्वुड सुरी वर धरून विचारायचा, "आर्लीन, पुन्हा करायचं का लग्न?" आणि आर्लीन बटाटे वाढत म्हणायची, "अजून नाही." ते जेवण दर वर्षी ह्याच घरात व्हायचं. भट्टीच्या दाराआडून मी ते ऐकायचे. ऐकून माझ्या पायाशी कसंतरी व्हायचं, पण मला वाटे, खाराने असेल.

तर कायद्याने आर्लीन कुणीच नाही. तिला शेजारी पडायचं तर स्वतःच्या रक्ताने यायला हवं. तिच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले, की आपली मूळ बाई वेदरलीची, एलिफॅलेटची थॅन्कफुल, गाव वसवणाऱ्या पहिल्यांतली. तिचा मुलगा एसा पलीकडच्या खोऱ्यात गेला, तो आपला पूर्वज. पण दाखवायला कागद नाही.

समितीच्या सभेच्या आदल्या दिवशी डोरीनने तिला जेवायला बोलावलं. शनिवार होता, काकवीत मुरवलेला घेवडा होता, सफरचंदाची सायडर होती. मायेने बोलावलं की समोर बसवून नाही म्हणायला, ते डोरीनलाच ठाऊक.

"मी नीट पाहिलं," डोरीन वही उघडून म्हणाली. "एलिफॅलेटची मुलगी थॅन्कफुल, आहे. आणि हे खाली बघ. घटसर्पाने गेली, वय वर्षं तीन. तीन वर्षांच्या पोरीला मुलगा झाला असं तुझं म्हणणं आहे का?"

"दुसरी असेल. मेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला ठेवायचे तेव्हा."

"मग लिहिली का नाही?"

इथे मला बोलता आलं असतं तर. थॅन्कफुलने पीठ मळताना हे सगळ्यांना हज्जारदा सांगितलं होतं. बाप चिक्कू आणि आळशी. धाकटीचा जन्म लिहायला जा म्हटलं तर म्हणाला, "थॅन्कफुल नाव वहीत आधीच आहे. तेच वापरा."

"चाळीस वर्षं माझ्या भावाचं खाल्लंस," डोरीन म्हणाली, "आता मेल्यावर त्याची जागाही हवी."

"मी त्याचं खाल्लं? रांधत कोण होतं? तुझा भाऊ अंडं उकडायचा तर पातेलं जाळायचा."

"मग तुला शेजारी कशाला हवाय तो?"

आर्लीनने घेवडा ढवळला. "बर्फाचं भांडण संपलेलं नाही," ती म्हणाली. मग हळूच, "आणि मला एकटीला झोप लागत नाही, डोरीन. चाळीस वर्षं घोरणं ऐकलंय."

डोरीन उठली, लोणचं काढायला म्हणून. भट्टीचं दार उघडलं, एक बरणी आडवी झाली आणि सगळा खार माझ्यावर. "बस, मी पुसते," म्हणत आर्लीनने फडकं घेऊन खांद्यापर्यंत हात आत घातला.

आणि तिचा हात थांबला.

बाईची बोटं होती, आणि पावाच्या पिठात वाढलेली. शंभर वर्षांनी मला कुणीतरी वाचत होतं. नाक. ओठ. एक पंख. दुसरा पंख. मी गुदगुल्यांनी फुटायची राहिले.

"डोरीन," ती आतूनच म्हणाली, "तुझ्या कपाटात माझा सलगम आहे."

झालं होतं असं. एसा पलीकडच्या खोऱ्यात गेला तेव्हा त्याच्या घरातल्या भट्टीचा तळ साधा होता. बिनचेहऱ्याचा पाव खायला त्याची पोरं तयार होईनात. मग त्याच्या बायकोने भाजण्याआधी पावावर सुरीने खूण पाडली, सासरच्या पावाला असायची तशी. तिचं बघून सुनेने, तिचं बघून मुलीने. आर्लीनपर्यंत येता येता ती खूण म्हणजे पंख फुटलेला सलगम आणि खाली चार वाकड्या अळ्या, एवढंच राहिलं होतं. का काढायची, कुणाला माहीत नव्हतं. नाही काढली तर पाव पाव वाटायचा नाही, एवढंच.

"पीठ आहे का भिजवलेलं?" आर्लीनने विचारलं.

डोरीनकडे उद्याच्या पावाचं पीठ फुगत होतं. ते तिने देईपर्यंत आर्लीनने बरण्या जमिनीवर मांडून टाकल्या होत्या. गोळा माझ्या तोंडावर थापला, दाबला, अलगद सोलून उजेडात धरला. पंखवाली सासू, आणि खाली उलटी अक्षरं. डोरीन बघतच राहिली. हाच सलगम ती दर थँक्सगिव्हिंगला आर्लीनच्या पावावर बघायची आणि दर वर्षी त्याला नावं ठेवायची.

मग दोन म्हाताऱ्या गुडघ्यावर बसल्या, बॅटरी घेऊन, डोकी भट्टीत. "थॅन्कफुल," आर्लीन वाचत होती. "एलिफॅलेट आणि सबमिट यांची मुलगी. जेडिडाया ट्विचेलची बायको. बायको, डोरीन. तीन वर्षांच्या पोरीला नवरा नसतो."

"पुढे वाच," डोरीन म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

"सतराशे अडुसष्ट."

"एसा कधीचा?"

आर्लीन मागे सरकली. केसांना काजळी, गालाला पीठ. एसा एकाहत्तरचा, हे तिला तोंडपाठ होतं.

"मेल्यावर तीन वर्षांनी मुलगा," डोरीन म्हणाली. ह्या वेळी टोमणा नव्हता. "म्हणजे एसा तिचा नव्हे. तिच्यामागून आलेल्या कुणा दुसऱ्या बायकोचा."

आर्लीन जमिनीवर बरण्यांच्या मधोमध बसून राहिली. मी माझ्या पायांच्या बाजूने जीव खाऊन ओरडत होते. दगडाचं ओरडणं कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणजे नाहीच.

डोरीन बरण्या परत लावायला वाकली. मागच्या भिंतीशी बॅटरीचा उजेड पडला आणि तिला विटेखालून डोकावणारं एका अक्षराचं टोक दिसलं. आर्लीनला दिसत नव्हतं. डोरीनने एक बरणी उचलून त्या टोकापुढे ठेवली. मी पाहिलं, आणि ती ठेवताना तिचे ओठ सासूसारखेच झाले होते, हेही पाहिलं. जागा तिची झाली होती. तिने कॉफी ओतली, दोन घोट घेतले.

मग तिने कप आपटला. "सरक बाजूला," ती म्हणाली, आणि चुलीजवळची लोखंडी सळई घेऊन स्वतःच्या घराची भिंत फोडायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"गप्प बस. चाळीस वर्षं तुझं ऐकतेय."

एक वीट निघाली, दुसरी निघाली, विटांचा चुरा घेवड्यात गेला. डोरीनने बाहीनेच माझा पाय पुसला, चष्मा वर केला, वाचलं. तिचे खांदे हलायला लागले. आर्लीनला वाटलं रडतेय. मग तो आवाज आला. ताठ डोरीन पॉम्फ्रे, जी चर्चमध्ये शिंकतही नाही, ती पोट धरून हसत लोणच्याच्या खारात बसली होती.

"काय लिहिलंय?" आर्लीन विचारत होती. "डोरीन, काय लिहिलंय?"

"तूच," डोरीनला बोलवेना. "तूच लिहिलंयस. बटाटे वाढताना." तिने आर्लीनचं बोट धरून त्या दोन शब्दांवर ठेवलं.

आर्लीनने वाचलं. मग दोघींनी मिळून उरलेली सायडर संपवली. आणि काय घडलं असेल याचे तर्क लढवले. सगळे चुकीचे, पण एकाहून एक झकास.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे आर्लीनच्या सलगमाचा एक पाव आणि एक शिळा हजर झाली. जिवंत बाईच्या नावाने चुकून घडलेली, म्हणून भट्टीत गेलेली, हे कुणाला समजावावं लागलं नाही. तळाशी लिहिलेलंच होतं. एका सभासदाने तरी विचारलं, "पण आर्लीन तिच्याच वंशातली, याला काय पुरावा?" डोरीन उठून म्हणाली, "पाव बघितलात. त्याउपर हवं असेल तर तिला एखादी गोष्ट कर म्हणून सांगून बघा." सभा हसण्यात बुडाली आणि ठराव पास झाला.

वही डोरीनने स्वतः उघडली. एलिफॅलेटच्या पानावर लेखणी टेकवून क्षणभर थांबली, नाव आधीच होतं. मग तिने त्याच्याखाली पुन्हा लिहिलं: थॅन्कफुल. दुसरी.

डोरीनच्या जागेचं काय, असं विचाराल. त्यासाठी दोघी टेकडीवर गेल्या आणि एल्वुडच्या शेजारी गवतात आडव्या झाल्या, मापाला. खालून पोस्टाची गाडी जात होती. ड्रायव्हरने दोघींना बघितलं आणि गाडी कुंपणात घातली. शेवटी डोरीन म्हणाली, "तू कोपरं पसरतेस. मी राख होऊन येते. माझ्या लोणच्याच्या बरणीत मावेन, दोघांच्या मध्ये ठेवा म्हणजे भांडण माझ्या कानावर राहील."

आणि मी? मला आर्लीनने तिच्या त्या जागेवर उभी केलीय. थॅन्कफुल इथूनच जवळ कुठेतरी आहे, कुजलेल्या फळीखाली, तिच्या हसण्याच्या अंतरावर. अडीचशे वर्षांनी मी जिथे यायची तिथे आले, उभी, चेहरा उगवतीकडे. सासूच्या नाकाला पहिल्यांदाच वारा लागला.

ज्या दिवशी मला इथे रोवलं त्या दिवशी आर्लीन एल्वुडच्या शिळेपुढे बराच वेळ उभी राहिली. हातात गरम पाव होता, फडक्यात बांधलेला. मग घसा साफ करून म्हणाली, "बरं, ऐक. उत्तर हो आहे." जरा थांबली. माझ्या पायाकडे बघून हसली. "पण अजून नाही." आणि पाव माझ्या माथ्यावर टेकवून, बर्फ पडायच्या आत घरी जायला निघाली.

तेव्हा तुम्ही वर आलात, वाट चुकून का होईना, तर माझं एवढंच मागणं. मला तारेच्या ब्रशने घासू नका. अक्षरं दिसावीत म्हणून दाढीचा साबण फासणारे येतात, त्यांना खाली पाठवा, डोरीन बघून घेईल. पावाचा तुकडा असेल तर ठेवा, गरम असला तर बरं. आणि माथ्यावरचं येथे विसावली एवढंच वाचून टोप्या काढू नका. खाली वाकून शेवटपर्यंत वाचा. गुडघे दुखतील, दुखू देत. माझी अर्धीच ओळ वाचून ओबडायाचे वंशज होऊ नका.